फायनल कुठी ठेवाची?

"सूनबाई, फायनल पांढुर्ण्यातच व्हाले पाह्यजे. जिल्हा कोनता? पांढुर्णा. मंग बोलनंच खुंटलं!"

भिंतीपलीकडून काकाजींनी निकाल दिला आणि संत्र्याचं साल सवयीनं आमच्या बाजूला टाकलं. आमच्या दोन आवारांमधली भिंत जेमतेम छातीइतकी. त्यांची सालं, आमची मांजर आणि दोन्ही घरच्या बातम्या विनातिकीट ये-जा करतात.

विषय असा, की पांढुर्णा आणि सौसर, दोन्हीकडच्या पोट्ट्यांनी मिळून फुटबॉलची स्पर्धा घ्यायचं ठरवलंय. आठ टीम, दोन दिवस. सगळं ठरलं, फायनलचं गाव तेवढं ठरेना. माझं माहेर सौसरचं, भाचा तिथल्या टीमचा गोलकीपर. म्हणजे मी पक्षपाती, हे काकाजींनी आधीच जाहीर केलेलं. 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत ही भांडणं नव्हती. दोन्ही तहसिली छिंदवाडा जिल्ह्यात होत्या आणि नावं ठेवायला छिंदवाडा पुरत होता. मग पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, आणि काकाजींच्या आवाजात कलेक्टर कचेरी येऊन बसली.

"जिल्ह्याच्या गावीच फायनल, असं कुठी लिहून हाये जी काकाजी?" मी म्हटलं. "2026 च्या वर्ल्डकपची फायनल न्यूयॉर्कले म्हणतात, पन स्टेडियम नदीच्या पल्याड, न्यू जर्सीत. फिफानं नाव ठेवलं न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम."

काकाजी विचारात पडले. "म्हंजे ग्राउंड सौसरचं, अन् नाव पांढुर्ण्याचं?"

"पुढे सौसरचं बी नाव लागते ना!"

"दुसऱ्या नंबरवर," ते म्हणाले. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

काकाजी रेल्वेतून रिटायर झालेत. त्यामुळे कुठलंही स्टेडियम ते एकाच मापानं मोजतात: मॅच सुटली का शेवटचा मानूस घरी कसा जाते? नवी मुंबईचं डी. वाय. पाटील त्यांना पसंत, कारण नेरूळ स्टेशन जवळ. मडगावचं फातोर्डाही पसंत. नागपूरचं जामठा मात्र नापसंत. ते क्रिकेटचं, ही गोष्ट वेगळी; पण मेट्रो खापरीला थांबते आणि पुढे वर्धा रोडवर मोटारींची रांग. आपण पांढुर्ण्याला कधी पोचायचं? मला हे माप पटतं. फक्त डी. वाय. पाटीलबद्दल माझी एक तक्रार मी नोंदवली: मैदान क्रिकेटच्या घेराचं, म्हणून फुटबॉल बघणारा गोलपासून फार लांब बसतो. गोलकीपरच्या आत्याला हे खपत नाही.

मग मी गुवाहाटी काढली. 2017 चा 17 वर्षांखालचा वर्ल्डकप आपल्याकडे झाला तेव्हा दिल्ली, कोची, मडगाव, नवी मुंबई, गुवाहाटी आणि कोलकाता अशी सहा गावं होती. ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल गुवाहाटीला ठरलेली. आधीच्या घाना-माली सामन्यात असा पाऊस झाला, की मैदानाची दैना झाली. ऐन वेळी सेमीफायनल उचलून कोलकात्याच्या सॉल्ट लेकला नेली. दोनेक दिवसांच्या नोटिशीवर तिथं साठ हजारांवर माणूस जमला! इंग्लंडनं ती 3-1 अशी जिंकली. मग तिथल्याच फायनलमध्ये स्पेन 2-0 ने पुढे असताना इंग्लंडनं 5-2 असा निकाल फिरवला.

"याले म्हंतात गाव," काकाजी म्हणाले. "आज सांगा, परवा मांडव भरला."

"पन पानी मुरलं नसतं, त मांडवाचं काय करता? पह्यले ग्राउंड पाहा लागते, खुर्च्या नाई."

इथं ते गप्प झाले, कारण पांढुर्ण्याच्या ज्या मैदानाचं नाव ते घेतात, त्याच्या मधोमध क्रिकेटवाल्यांनी सिमेंटची पीच घातलीय. तिच्यावर कोणी घसरला की गुडघ्याची साल निघालीच. सौसरचं मैदान मऊ आहे. पण खरं सांगायचं तर एक कोपरा इतका खाली, की कॉर्नर किक मारणाऱ्याचं फक्त डोकं दिसतं. हे मी भिंतीवरून बोलले नाही.

काकाजींनी गाडी नागपूरवर आणली. नागपूर म्हणजे आमची खरी राजधानी; भोपाळ फक्त कागदावर. तिथलं आणि कामठीचं फुटबॉलवेड जुनं. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन चालवलेलं काम तर 'झुंड' सिनेमामुळे सगळ्यांना कळलं. 2016 मध्ये संतोष ट्रॉफीची अंतिम फेरी नागपूरला झाली. फायनलला महाराष्ट्र होता. "घरचं ग्राउंड, घरचे लोकं," काकाजी आजही हळहळतात, "अन् सर्व्हिसेसनं 2-1 नं नेली." काकाजींचं मतदान मध्य प्रदेशात, हळहळ महाराष्ट्रासाठी. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

"नागपूर त जवळ होतं," मी म्हटलं. "2023 ले त संतोष ट्रॉफीची फायनल रियाधले नेली, सौदीत."

"कायले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. किंग फहद स्टेडियम भव्य आहे, सौदीवाले आपलं मैदान जगाला दाखवू इच्छितात, हे सगळं ठीक. पण राज्याराज्यांची स्पर्धा, कर्नाटकानं मेघालयाला 3-2 असं हरवून 54 वर्षांनी चषक नेला, आणि ते बघायला बेळगावच्या माणसानं पासपोर्ट काढायचा? त्याच्या आदल्या वर्षीची फायनल केरळात मंजेरीला होती. कोची नाही, कोझिकोड नाही. मंजेरी हे मलप्पुरम जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. मैदान गच्च भरलेलं. केरळ आणि बंगाल 1-1 वर अडले आणि केरळनं पेनल्टीवर जिंकलं. मला विचाराल तर माझा कौल मंजेरीला. रियाधच्या चकचकीत खुर्चीपेक्षा जिथं गोल झाल्यावर शेजारचा अनोळखी माणूस तुमचा खांदा दाबतो, ते स्टेडियम बरं.

"बराबर! तालुक्याचं गाव," काकाजी म्हणाले. मग चूक ध्यानात आली. "म्हंजे सौसर नाई म्हनलं मी."

"मंग मधात ठेवा. जामसावळीले. मारुतीच्या पाया पडतील पोट्टे अन् खेळतील."

"मधात खेळाचं आमाले नको शिकवू, सूनबाई. गोटमार कुठी होते?"

हा मात्र बिनतोड मुद्दा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडफेक. मैदान कोणाच्याच घरचं नाही. फिफालाही इतकं तटस्थ ठिकाण सापडायचं नाही.

"हो, अन् अँबुलन्सा उभ्या रायतात त्या?" मी विचारलं. "डोकी फुटतात, जीव गेले लोकाईचे. माह्या भाच्याले तसलं तटस्थ नको."

काकाजी संत्र्याच्या बिया मोजल्यासारखे करत राहिले. मग म्हणाले, "मंग पांढुर्णाच. गाडी हाये, जिल्हा हाये. तुमची त छोटी लाइन."

"मोठी झाली जी ते कधीची! ब्रॉडगेजवर धावते सौसर आता."

तेवढ्यात आतून काकू आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ही भिंत ऐकण्याच्या कामी फारच लहान आहे. "आठ टीमा म्हंजे पोट्टे किती?"

"शंभराच्या वर," मी म्हटलं. "राखीवचे धरून."

"फायनल ज्याच्या गावात, जेवन बी त्याच्याच गावात ना? मंग सैपाक कोन्या अंगनात होते?" काकूंनी आधी आपल्या अंगणाकडे पाहिलं, मग काकाजींकडे. "भांडे कोन घासते? पोया कोन लाटते? मागच्या खेपेले भजनवाले बलावले होते तुमीनं, आठवते?"

काकाजींना ते चांगलंच आठवत असावं. त्यांनी उरलेल्या दोन फोडी एकदम तोंडात टाकल्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते न्यू जर्सीवालं मले पटलं. फायनल सौसरलेच ठेवा. भावाले फोन लाव, भाजी वांग्याची कर म्हना. फक्त बॅनरवर पांढुर्णा पह्यले पाह्यजे."