ताशी ४१ मैल

माझी बॅट ताशी ४१ मैल वेगाने फिरते हे जोवर कुणी मोजलं नव्हतं, तोवर माझं बरं चाललं होतं. बॅट किती वेगाने फिरवायची हा प्रश्न दादरच्या आमच्या वाडीत कधी कुणाला पडलाच नाही. तिथे काळजी एवढीच असायची, की ज्याची बॅट आहे तो लवकर आउट होऊन बॅट घेऊन घरी जाऊ नये. पण आता मुक्काम न्यू जर्सीत, एडिसनला. इथे आमच्या कंपनीची सॉफ्टबॉलची टीम आहे, आणि तिच्या कॅप्टनला कुणीतरी सांगितलं की हा गृहस्थ मुंबईचा आहे, म्हणजे याला क्रिकेट येत असणार, म्हणजे हा चेंडू कुंपणापार मारणार. यातलं फक्त पहिलं खरं होतं.

आमच्या लीगमध्ये चेंडू खालून, उंच कमान करून, अगदी अदबीने टाकतात. चेंडूचा परीघ १२ इंच. म्हणजे तो चुकवायचा तर अंगी काही विशेष गुण हवेत. ते माझ्यात निघाले. पहिल्याच सामन्यात मी एक लेट कट मारला, असा नाजूक की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचे निवृत्त काका उठून उभे राहिले असते. मी दाद घ्यायला जरा थांबलोसुद्धा, आणि अंपायर म्हणाला, ‘फाउल’. या खेळात मागे मारलेलं काही धरत नाहीत, समोरच्या काटकोनात काय माराल ते खरं. थर्ड मॅन, फाइन लेग हे माझे हक्काचे दोन प्रांत एका शब्दात बुडाले. मग चुकून एक चेंडू समोर गेला, तर मी बॅट घट्ट धरून धावलो (इथे ती टाकून धावायचं असतं) आणि पहिल्या बेसपाशी पोचल्यावर सवयीप्रमाणे वाकून बॅट टेकवली. टेकवली फार छान. चेंडू आधीच पोचला होता.

ही सगळी हकीकत जेवताना सांगितली तेव्हा लेकीला बापाची दया आली. ती शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे. फादर्स डेला तिने मला बॅटच्या मुठीच्या टोकाला बसवायचा एक इवलासा सेन्सर दिला. बॅट फिरवली की वेगाचा आकडा फोनवर येतो. मी सगळं बळ एकवटून बॅट फिरवली. आकडा आला ४१. मला वाटलं शंभरपैकी असेल. मग तिने फिरवली. तिचा वेग पन्नाशीत होता. माझं फक्त वय.

आता माणसाने इथेच थांबावं की नाही? पण मी पडलो इंजिनिअर. आकडा दिसला की मला त्याच्याखाली दुसरा आकडा लिहावासा वाटतो. बेसबॉलच्या मेजर लीगने २०२४ पासून प्रत्येक फलंदाजाच्या बॅटचा वेग जाहीर करायला सुरुवात केली आहे. तिथली सरासरी ७२ मैलांच्या आसपास. यँकीज टीमचा जियानकार्लो स्टँटन हा साडेसहा फुटी माणूस ८१च्या सरासरीने फिरवतो, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. भौतिकशास्त्रवाल्यांचा ठोकताळा असा, की बॅटचा वेग एक मैलाने वाढला तर चेंडू साधारण सव्वा मैल जास्त वेगाने सुटतो आणि सहाएक फूट लांब पडतो. हा हिशेब मेजर लीगच्या फटक्यांचा आहे याकडे दुर्लक्ष करून मी एक्सेल उघडलं, वेग बारा मैलांनी वाढवला आणि माझ्या फटक्याला ७२ फूट जोडले. कशाला जोडले हा प्रश्न एक्सेल विचारत नाही. मिकी मँटल या बेसबॉलपटूने १९५३ साली वॉशिंग्टनमध्ये ५६५ फूट मारल्याचं सांगतात, आणि त्या मोजणीवर अजून वाद चालतो. माझ्या फटक्यांवर वाद व्हायचं कारण नाही. ते फूटपट्टीने मोजता येतात.

खरं सांगू का, दोष माझ्या दंडांचा नाहीच, वाडीचा आहे. आमच्या वाडीत चेंडू भिंतीपलीकडे गेला की आउट. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डायरेक्ट गेला तर आउट, शिवाय मारणाऱ्यानेच वर जाऊन तो मागायचा, आणि त्या गॅलरीतले आजोबा चेंडू देण्याआधी गणितात किती मार्क पडले ते विचारायचे. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या मनगटाला चेंडू लांब मारण्याची इच्छा होईलच कशी? मोठ्यांचा आदर्शही तसाच. १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकर ६० षटकं खेळून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. बाकी जग हसलं असेल, मला त्यात आजही काही चुकलेलं दिसत नाही. चेंडू जमिनीवर ठेवण्यात माझं बालपण गेलं, आणि पन्नाशीत मला सांगतात, हवेत मार.

तरी मी अभ्यासाला लागलो. शास्त्र असं, की नेहमीच्या बॅटपेक्षा वीसेक टक्के जड बॅट फिरवून ताकद कमवायची, मग तेवढीच हलकी फिरवून शरीराला वेगाची सवय लावायची, आणि मधूनमधून नेहमीची. मोठमोठे खेळाडू हे खरंच करतात. त्यासाठी घरात दोन बॅटी आल्या. बायकोने पार्सलं उघडून पाहिली.

“पहिलीला काय झालं?”

“काही नाही. तिन्ही लागतात.”

“चेंडूला एक लागली तरी पुरे,” ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

सराव तळघरात. एका बाजूला डाळतांदळाच्या पिशव्या, दुसऱ्या बाजूला चादरीत गुंडाळलेलं गणपतीचं मखर, वर हात लांब केला तर लागेल असं छत आणि मध्ये मी. जड बॅट सुरू करता येते, पण मनात आलं म्हणून थांबवता येत नाही, ही गोष्ट मी वाचलेल्या कुठल्याही तक्त्यात नव्हती. ती माझ्यासकट अर्धं वर्तुळ फिरली, पिशव्यांना अभय देऊन पुढे गेली आणि चादरीत काहीतरी कचकन वाजलं. सेन्सरने मात्र त्या फटक्याला मनापासून दाद दिली: ४६, तोपर्यंतचा विक्रम. त्या वर्षी बाप्पा तीन खांबांच्या मखरात बसले.

मग कळलं की वेग हातातून येतच नाही, कमरेतून येतो. आधी पाय जमीन रेटतात, मग कंबर वळते, तिच्या मागून छाती, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी बॅट. कंबर पुढे निघून गेली तरी खांदे क्षणभर मागे रेंगाळले पाहिजेत, त्या पिळात सगळी कमाई. माझ्या बाबतीत असं रेंगाळणं वगैरे काही नाही. कंबर, खांदे, पोट सगळं एकसाथ वळतं, गोदरेजचं कपाट कोपऱ्यातून काढताना वळवतात तसं. हे वेगळं करायला बॅट खांद्यांवर आडवी धरून, वरचं अंग स्थिर ठेवून, आरशासमोर नुसती कंबर फिरवायची असते. मी बेडरूममध्ये ती फिरवत असताना बायकोने दार उघडलं, पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा ओढून घेतलं. मला वाटतं, लग्नाच्या इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच शब्द सापडले नाहीत.

बॅटवर चढवायचं वजनाचं कडंही घेतलं. यँकीजच्या एल्स्टन हॉवर्डने १९६०च्या दशकात ते लोकप्रिय केलं. बॅटिंगला जायच्या आधी कडं चढवून बॅट फिरवायची, मग कडं काढायचं, की बॅट एकदम हलकी लागते. पुढे संशोधकांनी मोजून पाहिलं तर निघालं भलतंच: बॅट नुसती हलकी वाटते, प्रत्यक्षात वेग उलट थोडा कमी होतो. हे मी कडं विकत घेतल्यावर वाचलं. मी बऱ्याच गोष्टी याच क्रमाने करतो.

वेग वाढला, हे मात्र कबूल करा. ४८ झाला, ५० झाला. मग एका संध्याकाळी बॅटिंग केजमध्ये मी कंबर आधी, खांदे नंतर, सगळं अगदी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे केलं, चेंडू खालून निघून गेला, बॅट वरून निघून गेली, आणि बरगडीखाली कुणीतरी चिमटा ठेवून गेलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, हा ऑब्लिक स्नायू. व्यावसायिक बेसबॉलपटूंमध्ये ही दुखापत नेहमीची. ते वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, जरा मोठ्याने. बायको बाहेर बसली होती.

रात्री शेक घेत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला.

“काय रे, आडवा का?”

“बेसबॉल खेळताना दुखावलं.”

“अगं बाई! चेंडू लागला?”

“नाही आई. लागला नाही म्हणूनच.”

बरा झाल्यावर सामना आला. मेजर लीगच्या फलंदाजाला नव्वद मैलांचा चेंडू पोचेपर्यंत सेकंदाचे चार-दशांश मिळतात, त्यामुळे त्याला विचार करता येत नाही. माझ्याकडे येणारा चेंडू कमान करून सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो, आणि तेवढ्यात मला कंबर आठवते, खांदे आठवतात, मखर आठवतं. पहिले दोन चेंडू यायच्या आत माझी बॅट फिरून परत जागेवर आली होती. तिसरा लागला. असा लागला की खणखणीत आवाज आला, सगळ्यांच्या माना वर झाल्या, चेंडू वर गेला, आणखी वर गेला, कॅप्टन आनंदाने ओरडला, आणि मी या वेळी बॅट टाकून धावलोही. मग चेंडू खाली आला. माझ्या मागेच बसलेल्या कॅचरने एक पाऊलही न हलता झेलला. फोनवर आकडा होता ५३.

त्या रात्री मला लुइस अराएझ सापडला. मेजर लीगमध्ये त्याच्या बॅटचा वेग जवळजवळ तळाला, ६२-६३ मैल. आणि या माणसाने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या टीमकडून खेळताना, त्या त्या टीमच्या लीगमध्ये सर्वाधिक सरासरीचा मान मिळवला. मी धावत जाऊन लेकीला उठवलं. म्हटलं, बघ, वेग म्हणजे सर्वस्व नाही, हा माझ्याच पंथाचा आहे, वाडीत वाढला असता तर सगळ्यांचा लाडका झाला असता.

“बाबा,” ती डोळे न उघडता म्हणाली, “तो चेंडू मारतो.”

या मोसमात कॅप्टनने स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे दिलंय, आणि माझं अक्षर चांगलं आहे असं सगळ्यांचं मत पडलं. तेव्हा एडिसनच्या आसपासच्या मराठी मंडळींना विनंती: एक जड बॅट, एक हलकी बॅट आणि वजनाचं एक कडं मोफत देणे आहे. हलकी बॅट आणि कडं मी घरपोच आणून देईन. जड बॅट मात्र ज्याची त्याने येऊन तळघरातून स्वतः वर न्यावी.