पळायचं नाही!

ज्या माणसाच्या मदतीसाठी मी तीन दिवस धाराशिव जिल्ह्यात पळालो, तो भेटल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं : "पळायचं नाही."

पण ते शेवटी. आधी हे खूळ आमच्या घरात कसं शिरलं ते सांगतो.

संक्रांतीला पुण्याहून भाचा आला. तो संगणकात काम करतो आणि उरलेल्या वेळात पळतो. कुणी मागं लागलेलं नसतानाही पळतो. तिळगूळ खाता खाता म्हणाला, "मामा, केनियात लेवा म्हणून एक राखीव रान आहे. तिथं २००० सालापासून मॅरेथॉन होते. लोक हत्ती-गेंड्यांच्या रानातनं पळतात आणि जमलेला पैसा प्राण्यांच्या राखणीला जातो."

"आणि गेंडा मागं लागला तर?"

"वाटेवर बंदूकवाले रेंजर असतात. वरनं हेलिकॉप्टर फिरतं."

म्हणजे राखणदारांसाठी लोक पळणार आणि त्या लोकांना सांभाळायला पुन्हा राखणदारच धावणार. लग्नात मदतीला येणाऱ्या पाहुण्यांचं असंच असतं.

भाचा थांबेना. लंडनच्या मॅरेथॉनमध्ये काही जण गेंड्याचा अवजड वेश चढवून पळतात. डग्लस ॲडम्स नावाचा इंग्रज विनोदी लेखक तर १९९४ साली किलिमांजारोच्या मोहिमेत काही अंतर तसला वेश घालून चालला होता, गेंड्यांसाठी पैसे जमवायला. "तुम्हीपण विनोदी लिहिता की, मामा!"

"यांना वेश कशाला?" सौ. आतून म्हणाली. "कातडी आहे की घरचीच."

हा टोमणा लागला आणि मी हो म्हणून बसलो.

कारणही दाराशीच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी वाघ आला. पट्टे जुळवून पाहिल्यावर कळलं, हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आला. ना अंगात टी-शर्ट, ना छातीवर नंबर, ना वाटेत केळी. ज्या अभयारण्यात तो उतरला ते १९९७ साली जाहीर झालेलं, क्षेत्रफळ साडेबावीस चौरस किलोमीटरही नाही. नर वाघाच्या हिशोबानं म्हणजे एक खोली, तीही सामाईक मोरीची. साहजिकच पाहुणा शेजारच्या बार्शी तालुक्यातही पाय मोकळे करायला जाऊ लागला, आणि त्याच्यामागं आमचे वनरक्षक आणि वनमजूर रात्रंदिवस फिरू लागले. त्यांच्यासाठी पळायचं ठरलं. नळदुर्ग ते रामलिंग, अंतर ऐंशीच्या आसपास, तीन दिवस. किलोमीटरमागं दहा रुपये देणारे नातेवाईक गाठायचे आणि आलेल्या पैशांतून विजेऱ्या, बूट, रेनकोट घ्यायचे. मेहुणे मोटारसायकलवर मागं पाणी, केळी आणि वही घेऊन. ते पतपेढीतनं निवृत्त झालेले, त्यामुळं वही त्यांच्याकडंच शोभते.

टी-शर्ट छापायला टाकले होते, 'वनरक्षकांसाठी दौड'. छापून आले ते 'वानररक्षकांसाठी दौड'. परत करायला वेळ नव्हता.

पहिल्या दिवशी पहाटे नळदुर्गच्या किल्ल्याशी उभे राहिलो. १६१३ साली इब्राहिम आदिलशहानं इथं बोरी नदीच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, तेव्हा मधल्या सज्जात माणूस कोरडा उभा राहतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो. धबधबे कोरडे होते, भिजलेला मी होतो, आणि अजून पळायला सुरुवातही झालेली नव्हती.

इथं अंतर कापण्याचं कौतुक कुणालाच नाही, हे मला पहिल्या तासातच कळलं. नळदुर्ग-अणदूरचा खंडोबासुद्धा एका गावात बसत नाही. सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. देवच ये-जा करतो तिथं माझी काय मातब्बरी! चहाच्या टपरीवर एक फेटेवाले बाबा बसले होते. त्यांनी टी-शर्ट वाचायच्या भानगडीत न पडता विचारलं, "कशापायी पळुलालाव वो?"

"रेंजरांसाठी," भाचा म्हणाला.

"रेंजर? हिरोची? आमच्या पोराला दहावीला घेतली हुती." मग माझ्याकडं दयेनं बघत, "सायकल हाय तर पळता कशाला?"

मी जंगलाचं समजावलं. त्यावर ते म्हणाले, "आसं व्हय. म्हणजे रेंजर सायबासाठी. त्यांना तर जीप हाय!" वनखात्यात रेंजर म्हणजे परिक्षेत्राचा साहेब, हे बाबांना आमच्याहून बरं ठाऊक होतं. खाली पायी हिंडतो तो गार्ड. भाच्यानं त्यानंतर 'रेंजर' शब्द टाकला.

"तुळजापूरपर्यंत आजच्या आज जायचंय, पस्तीसेक किलोमीटर," मी जरा छाती काढून सांगितलं.

"आमची म्हातारी कोजागिरीला सोलापूरनं जाती. अनवाणी," बाबा म्हणाले आणि त्यांनी चहाचे पैसे दिले. आमचे.

कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापुराहून आणि कर्नाटकातून लाखो माणसं तुळजापूरला पायी येतात. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, तोंडात आई राजा उदो उदो. कुणाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ नसतं. मी मात्र दर दहा मिनिटांनी भाच्याचं घड्याळ बघत, अर्धं पळत, अर्धं चालत आणि थोडं मेहुण्यांच्या मोटारसायकलच्या कॅरेजला धरून संध्याकाळी तुळजापुरात शिरलो. कॅरेजचं अंतर मेहुण्यांनी वहीतून वजा केलं. एक किलोमीटर चारशे मीटर.

तुळजाभवानीला वर्षातनं तीनदा मंचकी निद्रा असते. मूर्ती सिंहासनावरनं उचलून पलंगावर निजवतात. जगात एवढ्या समजूतदारपणे रजा मंजूर होणारी ही एकच जागा असावी. मी लॉजच्या पलंगावर बूट न काढताच मंचकी निद्रेत गेलो.

दुसरा दिवस तुळजापूर ते धाराशिव, जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. दुपारच्या आत घरी, असा हिशोब होता. त्या हिशोबात हुरडा धरलेला नव्हता. रस्त्यालगतच्या शेतात आगटी पेटली होती. शेतकऱ्यानं हाक मारली, "या की वो, दमलाव!" पळणाऱ्यानं थांबू नये असं भाच्याचं पुस्तक सांगतं, पण ते लिहिणाऱ्याला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं कणीस हातावर चोळून, फुंकर मारून, हिरवागार गरम हुरडा कुणी ओंजळीत दिलेला नसावा. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ. आम्ही दोन तास बसलो. निघताना शेतकऱ्यानं वनरक्षकांसाठी पन्नास रुपये दिले आणि वर म्हणाला, "वाघ हाय तवर रानडुकरं जरा दबून राहतेत. राहू द्या म्हणावं." पुढचं अंतर आम्ही पळालो नाही, आमचं पोट पुढं गेलं आणि आम्ही मागून गेलो. धाराशिवात शिरताच मेहुण्यांनी गुलाबजामची आठवण काढली. गावात येऊन गुलाबजाम न खाणं हा गावाचा अपमान असतो, आणि मी तर गावचाच.

तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या महामार्गानं येडशी. शेजारून ट्रक असे जात होते की त्यांच्या वाऱ्यानंच मी काही ठिकाणी पुढं सरकलो. येडशी ओलांडून रामलिंगच्या रस्त्याला लागलो. शेवटचे तीन किलोमीटर. भाचा म्हणाला, "मामा, आता जोरात!" मी खरोखर जोर लावला, आणि झाडाखालून खाकी कपड्यातला एक तरुण हात आडवा करून पुढं आला.

"पळायचं नाही."

"अहो, आम्ही तुमच्यासाठीच..."

"असू द्या, काका. आत वाघ हाय. पळणारं जे दिसंल ते भक्ष्य, आसं त्याला वाटतं. चाला."

त्यानं आमच्या टी-शर्टकडं पाहिलं. वाचलं. काही बोलला नाही. सरकारी नोकरीत संयम शिकवतात.

मग आम्ही त्याच्या मागं चाललो. मळलेल्या वाटेच्या कडेला तो एकाएकी उकिडवा बसला. धुळीत चार बोटं आणि मागं गादी. "नखं उमटली न्हाईत, म्हणजे कुत्रं न्हवं," तो म्हणाला. "नराचा पंजा चौकोनात बसतो, मादीचा लांबट." त्यानं ठशावर काडीनं चौकट आखली. चौकट चौकोनी होती. मी नकळत भाच्याच्या मागं सरकलो. ठसा कालचा होता, कारण त्यावरून एक किडा आपली रेघ ओढून गेला होता. किड्याची ती रेघ त्यानं दाखवली तेव्हा मला दिसली. त्याआधी मी फक्त झुडपं बघत होतो.

त्याच्या बुटाचा तळवा सुतळीनं बांधलेला होता. हातात काठी. चालता चालता त्यानं सांगितलं, जानेवारीत ताडोबाहून वाघ धरणारं पथक आलं. वाघाला बेशुद्ध करून, गळ्यात पट्टा बांधून सह्याद्रीत सोडायचं ठरलं. वाघ काही सापडला नाही. पथकं येतात, जातात. गावागावांतून फोन मात्र यालाच. "वाघ आलाय" म्हणून रात्री दोनला बोलावतात, जाऊन बघावं तर तरस. एकदा वासरू निघालं. "पण जावंच लागतं," तो म्हणाला. "एकदा खरंच असायचा."

ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीनं मारलं. त्या सकाळी त्या मोजणीच्या वाटेवर चालत होत्या, इतकंच. मी तीन दिवस ज्याला साहस म्हणत होतो, ती या माणसांची सकाळची फेरी असते, आणि तिच्यामागं कुणी केळी घेऊन येत नाही.

रामलिंगच्या देवळाशी पोचलो. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूनं इथंच अडवलं, अशी इथली कथा. विचार केला तर हद्दीतून चाललेली बेकायदा वाहतूक पाहून एकटा, बिनहत्यारी आडवा जाणारा तो पहिला वनरक्षक. त्यालाही कुमक उशिराच मिळाली.

आता शेवट गोड व्हावा म्हणून मेहुण्यांनी सत्कारासाठी राखलेली डझनभर केळी बाहेर काढली. पुढच्या मिनिटभरात काय झालं ते नीट सांगता येत नाही. देवळाच्या छतावरून, झाडावरून, पायऱ्यांवरून वानरं आली. केळी गेली. पिशवी गेली. एका वानरानं वही उचलली, उघडली, वास घेतला आणि टाकून दिली. हिशोबात रस नसलेलं मी त्या तीन दिवसांत पाहिलेलं ते पहिलंच लेखापरीक्षण. वनरक्षक इतका वेळ गप्प होता. त्यानं माझ्या छातीवरची अक्षरं पुन्हा वाचली आणि म्हणाला, "चला, ज्यांच्यासाठी पळालात त्यांना पोचलं."

जमले चौदा हजार दोनशे रुपये. त्यातून बूट, विजेऱ्या आणि रेनकोट घेतले आणि रीतसर कागद करून दिले. त्या वनरक्षकाला एक टी-शर्टही देऊ केला. तो त्यानं घेतला नाही.

३१ जुलै हा जगभर वनरक्षकांचा दिवस असतो. पण रामलिंगला त्या दिवसाची वाट न बघता जा. केळी पिशवीच्या तळाशी ठेवा. वाटेत खाकीतला माणूस दिसला तर थांबून पाणी विचारा, आणि त्याच्या बुटांकडं एकदा बघा. आणि हो, पळू नका.