वारा पाचवर

मुलांना शिकवण्यात आपला हातखंडा आहे, असं माणसाला वाटायला लागतं ते स्वतःची मुलं नोकरीला लागल्यावर. सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात ‘खेळातून वारा’ हा विषय मी हट्टाने मागून घेतला. ब्युफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी केली, तिच्यात ० म्हणजे वारा पडलेला आणि १२ म्हणजे तुफान, हे सांगून पोरांना गार करायचा बेत होता.

“वारा जास्तीत जास्त किती जोराचा असतो?”

“पाच!” पुढच्या रांगेतली एक दात पडलेली चिमुरडी म्हणाली. “त्याच्यापुढे बटण फिरतच नाही, आजोबा.”

‘सर’ म्हणायचं, असं आधी बजावलं होतं.

पण तिचं तरी काय चुकलं? पोरगी बाराव्या मजल्यावर राहते. बाहेर वारा घोंघावत असतो आणि काच सरकवली की “धूळ येते, लाव आधी!” म्हणून घरातून ओरडा. फुकटचा वारा बाहेर ठेवायचा आणि आतला बिल भरून घ्यायचा. मला खरोखर राग आला. तो कोणावर काढावा कळेना, म्हणून भिरभिरी करायला घेतली. चौकोनी कागद, चार कोपऱ्यांतून काप, एकाआड एक टोक मध्यावर, टाचणी, आणि टाचणी काडीत खुपसण्याआधी एक मणी. तो नसला तर भिरभिरं अडतं. पोरं पळत सुटली. “मी थांबले की हे थांबतं,” चिमुरडी धापा टाकत म्हणाली, “म्हणजे वारा मीच करते!” हे माझ्या टिपणात चौथ्या पानावर होतं.

आता उफणणीबद्दल थोडं सांगायलाच हवं. (पोरांनाही असंच म्हणालो, दोघं लगेच पाणी प्यायला गेली.) आमचे आजोबा खळ्यात वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिवईवर, उभे राहायचे. खालून कुणीतरी मळलेल्या ज्वारीची पाटी वर द्यायचं. आधी चिमूटभर भुसा सोडून ते वारा बघायचे, मग पाटी हलवत धार धरायचे. दाणे पायाशी, भूस लांब, पोचट दाणे मधल्या पट्ट्यात. वारा पडला की सगळे गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहायचे. कुणी चिडायचं नाही. एरवी आजोबा माझ्याशी बोलत नसत. तेवढ्या वेळात बोलायचे.

हे करून दाखवायचंच, असं मनाने घेतलं. वावडी म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची, ज्वारी म्हणून शेंगदाणे, भूस म्हणून मुरमुरे, आणि स्टँडचा पंखा पाचवर. खुर्ची बायकोने धरली. मी सूप हलवलं. शेंगदाणे खुर्चीपाशी पडले, मुरमुरे पार दारापर्यंत गेले. पोरं हरखली.

“हलकं असतं ते वारा लांब नेतो!” मी वरून गरजलो.

“मग आजोबा का नाही उडत?”

“प्रयत्न चालू आहेत,” बायको म्हणाली.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली : ‘सभागृहात खाद्यपदार्थ उडवू नयेत.’ पुढच्या शनिवारी पतंग आहेत. गच्चीच्या किल्लीसाठी अर्ज दिलाय. समितीच्या बैठकीत ठरेल म्हणतात.