आठवड्याचे मानकरी

मुख्याध्यापक : बाई, हे जरा मोठ्यानं वाचा.

बाई : 'साप्ताहिक स्टाफ वार्ता, अंक पहिला.' सर, स्टाफ म्हणजे कोण कोण?

मुख्याध्यापक : म्हणजे आपलाच स्टाफ.

बाई : तुम्ही आणि मी.

मुख्याध्यापक : हो.

बाई : म्हणजे लिहिणार तुम्ही, वाचणार मी.

मुख्याध्यापक : पुढं वाचा की ओ.

बाई : 'स्टाफमधील घडामोडी. मंगळवारी एक शिक्षिका किरकोळ रजेवर होत्या.' ह्या कोण?

मुख्याध्यापक : नाव घालायचं नाही. कुणाच्या खाजगी गोष्टीचा बोभाटा नको.

बाई : शाळा द्विशिक्षकी. त्यात एकाला मिशा. चांगलं गुपित राखलंय. 'त्या दिवशी मुख्याध्यापकांनी पहिली ते चौथी हे चारही वर्ग एकट्याने समर्थपणे सांभाळले.' सर, ही बातमी माझ्या रजेची का तुमच्या समर्थपणाची?

मुख्याध्यापक : दोन्ही एकातच आलंय. जागा वाचते.

बाई : आणि गुरुवारी तुम्ही केंद्रावर शिक्षण परिषदेला गेला होता, तेव्हा चारही वर्ग कुणी सांभाळले?

मुख्याध्यापक : ते पुढच्या अंकात.

बाई : बरं. 'या आठवड्याचे ध्येय. इयत्ता तिसरीचा प्रत्येक विद्यार्थी मिनिटाला 60 शब्द अर्थासह वाचेल.' या आठवड्यात?

मुख्याध्यापक : ध्येय नेहमी मोठं असावं.

बाई : हेच ध्येय घेऊन निपुण भारत सुरू झालं 5 जुलै 2021 ला. दिल्लीनं स्वतःला मुदत घेतली 2026-27 पर्यंत. तुम्ही सहा दिवसांत उरकताय. त्यातला शनिवार आनंददायी.

मुख्याध्यापक : तिसरीत सातच तर पोरं आहेत.

बाई : सातातली दोन आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलीत. ती आता पाडवा झाल्यावर. उरली पाच. पाचातल्या तिघांच्या घरात कन्नड बोलतात. परवा त्यातला एक माझ्याशी पट्टीवरनं भांडला. मिनिटाला शंभर शब्द, अर्थासह. ते धरायचे का?

मुख्याध्यापक : मराठी शब्द पाहिजेत.

बाई : एक होता मधी. 'बाई'.

मुख्याध्यापक : तुमचं ध्येय तुम्ही लिहायचं. खाली जागा सोडलीय.

बाई : लिहा, 'ऑनलाईन माहिती भरताना शेवटच्या पानावर रेंज जाऊ नये.' आणि हे काय? 'या आठवड्याचे मानकरी शिक्षक', पुढं नुसतं टिंबटिंब.

मुख्याध्यापक : तेच तर विचारायचंय. मी मोबाईलवर बघितलं. तिकडं अमेरिकेत प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक स्टाफला दर आठवड्याला असं पत्र काढतात. कुणाचा वाढदिवस, कुणी काय चांगलं केलं, पुढच्या आठवड्यात काय करायचं. मे महिन्याचा पहिला पूर्ण आठवडा तर नुसता शिक्षकांच्या कौतुकाचा. 1984 पासून.

बाई : आपल्याकडं 1 मेला झेंडावंदन करून निकाल वाटतात.

मुख्याध्यापक : तो पोरांचा.

बाई : आईबाप तो कुणाचा म्हणून वाचतात, हे तुम्ही पारावर बसून ऐकलेलं दिसत नाही.

मुख्याध्यापक : विषय बदलू नका. मानकरी रीतसर ठरवायचा. निवड समिती नेमू.

बाई : किती जणांची?

मुख्याध्यापक : दोघांची.

बाई : आणि उमेदवार?

मुख्याध्यापक : दोघं.

बाई : उमेदवारानं समितीत बसायचं नसतं.

मुख्याध्यापक : मग तुमच्या वेळी मी समिती, माझ्या वेळी तुम्ही समिती.

बाई : म्हणजे पाळी लावायची. सरळ म्हणा की, म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन आहे. एका आठवड्याला तुमच्या रानात, एका आठवड्याला माझ्या. वर्षात धरा चाळीसेक आठवडे. वीस वेळा तुम्ही मानकरी, वीस वेळा मी.

मुख्याध्यापक : त्यात काय वाईट आहे?

बाई : निवडणुकीचं काम लागलं तर माझी पाळी बुडाली का?

मुख्याध्यापक : बुडेल कशाला? राहिलेलं कौतुक नंतर भरून काढू.

बाई : आणि पहिलं पाणी कुणाच्या रानात?

मुख्याध्यापक : (खाकरून) सेवाज्येष्ठतेनं जावं, असं मला वाटतं.

बाई : वाटणारच. वरचं रान तुमचं आहे.

मुख्याध्यापक : दुसरा अंक तुम्ही काढायचा, हेही आताच सांगून ठेवतो. सगळं मीच लिहायचं आणि तुम्ही चुका काढायच्या, असं चालणार नाही.

बाई : कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. तुमचं कौतुक करणं यातल्या कशात बसवू? आपत्तीत बसेल, पण तुम्हाला राग येईल.

मुख्याध्यापक : आलाय.

बाई : आणि मला आठवड्याच्या गोष्टींची धास्ती आहे, सर. 2023 च्या नोव्हेंबरात पोरांना आठवड्यातनं एक अंडं सुरू झालं. पोरं वार मोजायला शिकली त्या अंड्यावर. 2025 च्या जानेवारीत शासनानं अंड्याचा निधी बंद केला. तुमच्या कौतुकाला निधी कोण देणार?

मुख्याध्यापक : कौतुकाला पैसे लागत नाहीत.

बाई : म्हणूनच ते वाटायला काढलंय. अंडं न खाणाऱ्या पोराला केळ द्यायचं होतं, आठवतंय? मला कौतुक चालत नाही. माझ्या नावापुढं केळ लिहा.

मुख्याध्यापक : तुम्हाला सगळ्याची चेष्टाच. अहो, कुणी दखल घेतली की माणसाला बरं वाटतं. चार दिवस जोर येतो कामाला.

बाई : दखल कधी घेतात, ते आपल्या जत तालुक्याला विचारा. पूर्व भाग पाण्यासाठी किती वर्षं ओरडत होता? 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगायची भाषा केली, आणि ज्यांना नकाशात जत सापडलं नसतं, ते टीव्हीवर 'आमचं जत, आमचं जत' करायला लागले. तेवढे दिवस अख्खा तालुका आठवड्याचा मानकरी.

मुख्याध्यापक : पण विस्तारित म्हैसाळचं काम त्यानंतरच हललं की नाही? खरं बोला.

बाई : हललं की. म्हणून तर म्हणते, कौतुक करून घ्यायचं तर आधी बदलीचा अर्ज टाकायचा.

मुख्याध्यापक : तुम्ही टाकताय काय?

बाई : बघा, लगेच दखल घेतलीत.

मुख्याध्यापक : तीन वाजेपर्यंत हे टिंबटिंब भरायचंय, बाई. नाव सांगा.

बाई : आवर्तन लावलंयच, तर कालव्याच्या टेलला काय मिळणार ते आधी सांगा. टेल तिकडं शेडमध्ये डाळ शिजवतीय.

मुख्याध्यापक : मावशी? त्या स्टाफमध्ये येत नाहीत. त्या मानधनावर आहेत.

बाई : गेल्या महिन्यात चौथीतली एक पोरगी आठ दिवस आली नाही. तुम्ही पालकाला फोन लावला, तो लागला नाही. मी चिठ्ठी पाठवली, ती आज्जीला वाचता आली नाही. मावशी वस्तीवर गेली, आज्जीशी तासभर कन्नडात भांडली आणि पोरगीला हाताला धरून घेऊन आली. तुमच्या डी.एड.ला आणि माझ्या डी.एड.ला मिळून ते जमलं नसतं. असलं काही लिहायला कुठल्या फॉर्मात रकाना आहे?

मुख्याध्यापक : मग घालू की त्यांचं नाव! मी काय नको म्हणतोय? मावशी! ओ मावशी! जरा इकडं या.

मावशी : काय ओ सर? लवकर बोला, भात लागंल.

मुख्याध्यापक : या आठवड्याचा मान तुम्हाला द्यायचं ठरतंय.

मावशी : कसला मान?

मुख्याध्यापक : कागदावर नाव येणार तुमचं. फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकायचा.

मावशी : नाव आलं म्हंजे मानधन येतंय का?

(कुणी बोलत नाही.)

बाई : मावशी, 1,500 चे 2,500 झालेत. 2023 लाच झालेत.

मावशी : झाल्यालं ठावं हाय मला, बाई. आल्यालं कवा ते इचारतीया. जाऊ मी? भात लागंल.

(मावशी जाते.)

मुख्याध्यापक : बघा. तुमच्यामुळं तोंडघशी पडलो.

बाई : माझ्यामुळं?

मुख्याध्यापक : मग कुणामुळं? चार ओळींचा साधा कागद काढला होता मी. तुम्ही त्यात म्हैसाळ आणलं, अंडं आणलं, कर्नाटक आणलं. 26 वर्षं नोकरी झाली माझी. कपाटात आवक पत्रांची फाईल आहे, काढून बघा. 'तात्काळ माहिती सादर करावी.' 'खुलासा सादर करावा.' 'विलंबास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.' 26 वर्षांत एक ओळ नाही की, बाबा रे, बरं चाललंय तुझं.

बाई : म्हणून आपलं पत्र आपणच लिहायचं?

मुख्याध्यापक : दुसरं कोण लिहिणार? तुम्ही? नऊ वर्षं एका भिंतीआड काम करतोय आपण. एकदा तरी म्हणालात, 'सर, हे तुमचं चांगलं झालं'?

बाई : जूनच्या वादळात वर्गावरचे पत्रे उडाले, तेव्हा तुम्ही बिरोबाच्या देवळात शाळा भरवलीत. सव्वा महिना. एक दिवस खाडा नाही. पाऊस आला की तुम्ही बाहेर ओट्यावर भिजत उभं, पोरं आत.

मुख्याध्यापक : हे आज सांगताय?

बाई : घरी सांगितलं होतं. त्याच दिवशी.

मुख्याध्यापक : घरी कशाला? मला सांगायचं होतं!

बाई : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, फोटो काढा. जिओ-टॅग करून. दुसऱ्या दिवशी तो 'नवोपक्रम' म्हणून वर गेला असता, आणि पंधरा दिवसांत वरनं पत्र आलं असतं की, सर्व शाळांनी महिन्यातून एकदा देवळात शाळा भरवावी, देऊळ नसल्यास तसे प्रमाणपत्र जोडावे.

मुख्याध्यापक : (हसू येतंय, पण हसत नाही) आलं असतं. तरीबी जाऊ दे की एखादी चांगली गोष्ट फाईलीला. वाईट सगळ्या गेल्यातच.

बाई : ...

मुख्याध्यापक : का? आता बोला की.

बाई : बोलायला काय, हे तुम्ही खरं बोललात. पण त्याला कागद कशाला पाहिजे, सर? मधल्या सुट्टीत चहा घेताना सांगता येत नाही?

मुख्याध्यापक : नऊ वर्षं चहा घेतोय आपण मधल्या सुट्टीत.

बाई : घेतोय खरं.

मुख्याध्यापक : पोर्टलचं काय झालं, कुणाचा आधार जुळला नाही, तांदूळ किती शिल्लक, याच्यापलीकडं गेलो का कधी?

बाई : तुम्ही तरी कुठं गेला? माझ्या पोरांनी भिंतीवर गावाचा नकाशा काढला, ओढ्यासकट, तलावासकट, बिनपाण्याच्या विहिरीसकट. तुम्ही येऊन बघितलात आणि म्हणालात, 'भिंतीचा रंग कुठल्या हेडमधनं भरून काढायचा?'

मुख्याध्यापक : तो प्रश्न मला लेखापरीक्षणाला विचारणार होते, बाई. तुम्हाला नाही.

बाई : विचारला?

मुख्याध्यापक : नाही.

बाई : मग?

मुख्याध्यापक : नकाशा चांगला होता.

बाई : हं.

मुख्याध्यापक : ओढ्याला वळण उलटं दाखवलंय.

बाई : ते मी मुद्दाम तसंच ठेवलं. काढणाऱ्या पोराचं घर त्या वळणावर आहे. त्याच्या घरातनं ओढा तसाच दिसतो.

मुख्याध्यापक : हे लिहितो मी. हेच लिहितो. 'मानकरी शिक्षिका' म्हणून, खाली दोन ओळी. आता नको म्हणू नका, तीन वाजता केंद्राच्या ग्रुपवर टाकायचंय.

बाई : केंद्राच्या ग्रुपवर? ही वार्ता स्टाफसाठी होती ना?

मुख्याध्यापक : स्टाफनं वाचली की आता.

बाई : आणि बाकीच्या शाळांनी सोमवारपासून हेच काढायचं?

मुख्याध्यापक : काढू देत की. चांगलंच आहे.

बाई : अहवालासह?

मुख्याध्यापक : ते वरनं काय येईल तसं.

मावशी : (दारातनं) सर, चवीच्या वहीत सही करा. पोरं ताटं घिऊन बसल्यात.

मुख्याध्यापक : आणा इकडं. (लिहितो) 'आजचा मेनू : डाळभात. चव : उत्तम.' घ्या.

बाई : हे काय, दैनिक चालूच आहे आपलं. तुम्ही उगीच साप्ताहिक काढायला निघालाय.

मावशी : उत्तम कसं ओ लिवलं, सर? डाळीत मीठ टाकायचं हाय अजून.