चालू हॉटेल विकत घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

विक्रीला काढलेले असूनही ज्याची भट्टी अजून पेटते आहे, त्या हॉटेलला 'चालू हॉटेल' म्हणतात. बंद पडलेल्या हॉटेलात जागा आणि भांडी एवढ्याचेच पैसे मोजावे लागतात. चालू हॉटेलात त्याशिवाय 'बसलेला धंदा' नावाच्या वस्तूचेही मोजावे लागतात. ही वस्तू दाखवता येते, उचलून देता येत नाही. या शास्त्रातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

या विवेचनासाठी सांगली हे शहर घेतले आहे. मध्यम आकाराचे कॉलेजचे शहर म्हणून ते आदर्श आहे. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे, वालचंद अभियांत्रिकी १९४७ सालचे, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या रस्त्याला भुकेली मुले हा त्यामुळे जुना आणि भरवशाचा पुरवठा आहे. दरवर्षी नवी तुकडी जाहिरात न करता येते. दरवर्षी जुनी तुकडीही जाते आणि जाताना उधारीची वही मागे ठेवते. विक्रेता ही वही 'येणे बाकी' या सदरात दाखवतो. तिच्यातली अंतिम वर्षाची पाने खरेदीदाराने इतिहासाचे साधन म्हणून जपावीत, हिशेबात धरू नयेत.

पहिली पायरी म्हणजे विक्रीचे कारण समजून घेणे. ठरलेली कारणे चारच आहेत: तब्येत, घरगुती अडचण, मुलगा पुण्यात आयटीत लागला, आणि दुसऱ्या धंद्यात लक्ष घालायचे आहे. चारही खरी असू शकतात, पण हॉटेल विकायला त्यांतले एकही पुरेसे नसते. खरे कारण समोरच्या पानटपरीवर मिळते. कॉलेजने आत स्वतःचे कँटीन काढले, वसतिगृहाने मेस सक्तीची केली, घरमालकाच्या जावयाने जागेवर डोळा ठेवला, यांपैकी काय घडले ते टपरीवाल्याला विक्रेत्याच्याही आधी कळलेले असते. तिथे दोन तास बसावे. दूधवाला आणि सिलिंडर टाकणारा हे दोघेही उत्तम साक्षीदार आहेत, कारण दोघांचीही बिले थकलेली असतात.

पाहणीचा मुहूर्त विक्रेता काढतो, आणि त्याचा मुहूर्त कधी चुकत नाही. मटणाची खानावळ असेल तर तो आषाढात बोलावतो. श्रावण लागण्याआधी जे उरकून घेणे चालते त्यात कोणतीही खानावळ ओसंडून वाहते. गटारीच्या आदल्या दिवशी तर बंद हॉटेलसुद्धा चालू वाटेल. खरेदीदाराने 'सध्या गावी आहे' असे सांगून वेळ काढावा आणि श्रावणातल्या सोमवारी न कळवता जावे. शाकाहारी हॉटेल असेल तर पंचांग उलटे धरावे. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार टाळून, ज्या रविवारी संध्याकाळी सगळे गाव रस्सा ओरपत असते त्या संध्याकाळी तिथली टेबले मोजावीत.

पंचांगाइतकेच कॉलेजचे वेळापत्रकही महत्त्वाचे. परीक्षा संपल्या की मे महिना रिकामा जातो, पुढे प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाची मुले पावसाळा निम्मा झाल्यावर उगवतात, दिवाळीची सुट्टी वेगळीच. चालू सत्रातही शुक्रवारी संध्याकाळी मुले मळलेले कपडे घेऊन तासगाव, जत, इचलकरंजी गाठतात आणि रविवारी रात्री चपात्या व शेंगदाण्याची चटणी घेऊन परततात. सोमवारचा धंदा आईच्या डब्याने बुडवलेला असतो. सबमिशनच्या आठवड्यात मात्र रात्री उशिरापर्यंत चहा, मॅगी आणि अंडाभुर्जी यांना उसंत नसते. विक्रेता त्याच आठवड्यातल्या एका दिवसाचा गल्ला घेऊन त्याला ३६५ ने गुणतो. जागेचे भाडे मात्र खरोखरच बाराही महिन्यांचे असते.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथे सादर केले, आणि ती परंपरा हॉटेलविक्रीच्या व्यवहारात आजही टिकून आहे. खरेदीदार येणार त्या दिवशी सगळी टेबले भरलेली असतात, दोन माणसे दारात ताटकळत असतात आणि वेटर धावत असतो. बसवलेले गिऱ्हाईक ओळखण्याची खूण सोपी आहे. खरे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कांदा मागते, बिलावरची बेरीज तपासते आणि बडीशेप मुठीने घेते. विक्रेत्याचा मेहुणा यांपैकी काहीच करत नाही, उलट रस्सा छान झाल्याचे मोठ्याने सांगतो.

गल्ल्याचे आकडे तीन असतात. एक खरेदीदाराला सांगायचा, एक जीएसटीच्या विवरणपत्रात भरायचा, एक घरी सांगायचा. पहिला सर्वांत मोठा असतो. साध्या हॉटेलला पाच टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेला कर त्यातून वळता करून मिळत नाही. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताही येत नाही. तेव्हा बिलावर कर लावलेला दिसला की तो कोणत्या योजनेखाली लावला आहे हे विचारावे आणि विक्रेत्याचा चेहरा पाहावा. विवरणपत्रे मागितली की 'सगळं कागदावर दाखवत नसतो हो, तुम्हीपण काय' असे उत्तर येते. जो गल्ला सरकारला दिसला नाही, तो आपल्यालाही दिसला नाही असे धरून किंमत करावी. व्यवहार झाला की टेबलांवर चिकटवलेले क्यूआर कोड त्याच दिवशी खरवडून काढावेत. ते बहुधा विक्रेत्याच्या पत्नीच्या खात्याचे असतात, आणि नव्या मालकाच्या भजीचे पैसे तिथे बिनतक्रार जमा होत राहतात.

सामानाच्या यादीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. यादीत लिहिलेला फ्रीज 'चालू' असतो, म्हणजे त्याच्या आतला दिवा लागतो. एक गोष्ट मात्र स्वतः मागच्या दाराने जाऊन पाहावी. हॉटेलात १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर हवा. तिथे १४.२ किलोचे तांबडे घरगुती सिलिंडर रांगेने उभे असतील, तर दाखवलेला नफा स्वयंपाकघरातून नव्हे, घरगुती गॅसच्या स्वस्त दरातून आलेला आहे, आणि तो बेकायदा आहे.

आता आचारी. सर्व भांडी, टेबले आणि पाटी यांची मिळून जी किंमत होते, त्याहून जास्त किंमत आचाऱ्याची असते, पण तो यादीत नसतो. मसाल्याचे प्रमाण कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. ते त्याच्या मुठीत असते, आणि मूठ रात्री त्याच्याबरोबर घरी जाते. भाकरी करणाऱ्या मावशींचेही तसेच. त्या गेल्या तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक अर्धे होते आणि आचारी गेला तर उरलेले अर्धे. म्हणून विक्रेत्याशी बोलण्याआधी या दोघांशी बोलावे असे शास्त्र सांगते. विक्रेता तसे करू देत नाही, कारण हॉटेल विकले जात आहे हे त्याने त्यांना सांगितलेलेच नसते. हॉटेलातल्या बहुतेक कामगारांनी मालकाकडून उचल घेतलेली असते. ही उचल विक्रेता खरेदीदाराकडून वसूल करतो आणि म्हणतो, 'पगारातून कापून घ्या.' पहिला पगार कापला की आचारी गावी जत्रेला जातो. जत्रा किती दिवस चालावी याला नियम नाही.

कागदपत्रांच्या प्रकरणात कायद्याचा विनोद उत्तम आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली हॉटेलाला १४ आकडी क्रमांकाचा परवाना किंवा नोंदणी लागते, आणि तो क्रमांक बिलावर छापावा लागतो. हॉटेल विकले म्हणून हा परवाना खरेदीदाराच्या नावे होत नाही, त्याला नवा काढावा लागतो. परवानाधारक मरण पावला तर मात्र तो कायदेशीर वारसाच्या नावे होऊ शकतो. म्हणजे निव्वळ परवान्याच्या दृष्टीने पाहिले तर विकत घेण्यापेक्षा दत्तक जाणे सोयीचे. थकबाकीचे याच्या नेमके उलट आहे. धंदा जसाच्या तसा विकला गेला, तर विक्रीच्या दिवसापर्यंतच्या जीएसटीच्या थकबाकीला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या ८५व्या कलमाप्रमाणे विक्रेता आणि खरेदीदार दोघेही जबाबदार असतात. आधीच्या धारकाची वीजथकबाकी नव्या मालकाकडून मागण्याचे नियम वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरवले आहे. जे हवे ते विकत मिळत नाही आणि जे नको ते फुकट मिळते. म्हणून विसार देण्याआधी महावितरणचे शेवटचे बिल, जीएसटीची विवरणपत्रे आणि पालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या पाहाव्यात. 'तुमचा विश्वास नाही का' असा प्रश्न येईल. त्याला 'आहे, पण पावतीही दाखवा' हे उत्तर पुरते.

जागा बहुधा भाड्याची असते, आणि हॉटेल विकणारा ती विकू शकत नाही. घरमालक हा या व्यवहारातला तिसरा माणूस. तो 'तुम्ही बिनधास्त घ्या, आपण घरचेच' असे म्हणतो आणि पैसे दिल्यावर भाडे वाढवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, आणि ती त्याने केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे कलम घरमालकाला हसत हसत वाचून दाखवावे. नोंदणी लवकर होते.

सांगलीत आणखी एक दस्तऐवज तपासावा लागतो, तो भिंतीवर असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि २०२१ साली पुन्हा पूर आला. गावभाग, मारुती चौक अशा नदीकडच्या भागात हॉटेल असेल तर रंग नवा आहे का एवढेच पाहून भागत नाही, तो जमिनीपासून किती उंचीपर्यंत नवा आहे हे पाहावे. भट्टी विटांच्या चौथऱ्यावर चढवलेली आणि मीटर छताजवळ बसवलेले दिसले, तर विक्रेता अनुभवी आहे.

नाव हा स्वतंत्र विषय आहे. हॉटेल विकल्यानंतर विक्रेत्याची तब्येत सहा महिन्यांत सुधारते. मग तो समोरच्या गाळ्यात त्याच नावामागे 'ओरिजिनल' जोडून नवे हॉटेल काढतो, 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावतो, आणि जत्रेला गेलेला आचारी तिथे सापडतो. यावर उपाय आहे, तोही १८७२ सालचा. भारतीय करार कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे कोणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार एरवी रद्दबातल ठरतो. धंद्याचा लौकिक, म्हणजे बाजारात ज्याला गुडविल म्हणतात तो, विकला असेल तर मात्र ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याचे बंधन विक्रेत्यावर घालता येते. हद्द वाजवी हवी. अख्खा जिल्हा लिहू नये, 'सांगली-मिरज रस्ता' लिहावे. गुडविलची रक्कम करारात वेगळी दाखवावी, नाहीतर विकले काय याचीच चर्चा वर्षानुवर्षे कोर्टात चालते आणि तोवर 'ओरिजिनल'मध्ये रांग लागते.

किमतीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. विक्रेता ती नफ्यावरून काढत नाही, डोक्यावरच्या कर्जावरून काढतो, आणि कर्ज किती आहे हे पुन्हा पानटपरीलाच ठाऊक असते. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. नवा परवाना, नोंदवलेला भाडेकरार आणि वीजजोडणीवरचे नाव हाती येईपर्यंत एक मोठा हप्ता राखून ठेवावा. तोवर विक्रेता रोज सकाळी चहाला येतो आणि पैसे देत नाही. हा खर्च धरून चालावा.

ताबा मिळाल्यावर पहिले सत्र काहीही बदलू नये. नव्या मालकाला मेनूत चायनीज, पाटीवर इंग्रजी आणि भिंतीवर विटांचा कागद लावण्याची तीव्र इच्छा होते. ती दाबावी. मुले दर वाढवला तर कुरकुरतात आणि येत राहतात. रश्श्याची वाटी लहान केली तर काही न बोलता समोर जातात.

पात्रतेचा विचार शेवटी केला आहे, कारण प्रत्यक्षातही तो शेवटीच होतो. औषधाच्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, वकिलीला सनद लागते, रिक्षा चालवायलाही परवाना आणि बॅज लागतो. हॉटेल विकत घ्यायला पैसे असले की पुरतात, त्यामुळे निवृत्त होऊन फंड हाती आलेले गृहस्थ या धंद्यात नेहमी आढळतात. घरी पाहुण्यांनी पोह्यांची तारीफ केली, ही पात्रता समजू नये. पहाटे पाचला मंडईत आणि रात्री साडेअकराला गल्ल्यावर रोज बसण्याची ज्याची तयारी नाही, त्याने तेच पैसे पोस्टात ठेवावेत. व्याज कमी मिळेल, पण पोस्टाचा आचारी जत्रेला जात नाही.