बॉनेटखालची बोलणी

जुन्या गाडीचा आवाज सर्वांत शेवटी ऐकू येतो तो तिच्या मालकाला. आधी तो शेजाऱ्यांना ऐकू येतो, मग चौकातल्या पोलिसाला, मग लग्नाला म्हणून मागच्या सीटवर कोंबलेल्या आत्याला. मालकाचं मात्र ‘ह्या गाडीचा आवाज असाच असतो’ हे पालुपद चालूच. आणि ज्या दिवशी त्याचं त्यालाच ऐकू येतं, त्या दिवशी तो आधी खिसा चाचपतो आणि मग निदान करतो. ते निदान नेहमी खिशाला झेपेल तेवढंच निघतं. पाचशेची नोट असेल तर आवाज बेल्टचा असतो. महिनाअखेर असेल तर नंबरप्लेटचा.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, बरेच हात फिरून आलेली. मुळातली फियाट 1100. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीला 1970च्या दशकात चितोडच्या राणीचं नाव मिळालं. चार सिलेंडरचं 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, आणि पुढच्या सलग बाकड्यावर दोघांच्या मध्ये एक मूल सहज मावेल अशी प्रशस्त वृत्ती. नाव राणीचं, पण आयुष्य काढलं मुंबईची ओझी वाहण्यात. काळ्यापिवळ्या पद्मिनींतली शेवटची टॅक्सी 2023 साली, वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून रस्त्यावरून उतरली, तेव्हा कितीतरी पांढरपेशी माणसं तिच्यासोबत फोटो काढायला गेली होती. तिच्या आवाजाबद्दल आयुष्यभर कुरकुरलेलीच माणसं, बहुतेक.

आमची पद्मिनी कोल्हापुरात असे, आणि तिच्यावर अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, केलेले स्वस्त उपाय लिहायचे तर एखादा आजीबाईचा बटवा तयार होईल. फॅनबेल्ट ओरडायला लागला की धावत्या बेल्टला आंघोळीच्या साबणाची वडी लावायची. दोन दिवस गाडी गप्प आणि बॉनेट उघडलं की चंदनाचा घमघमाट. सायलेन्सर फुटला की तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, आत ॲस्बेस्टॉसची दोरी घालून, वरून तारेने आवळायचं. मग गाडीच्या पोटाखाली ‘शुद्ध शेंगदाणा’ ही अक्षरं उलटी वाचता येत. नंबरप्लेटमागे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. इंजिनात जाड ऑइल, म्हणजे झिजलेल्या भागांमधली फट भरून निघते आणि खडखड जरा दबते. थंडीत सकाळी मात्र ते ऑइल वर चढायला इतका वेळ घेई की गाडी सुरू होताना जास्तच कण्हायची. सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात तर म्हणे गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून गाडी विकण्याइतपत शांत करतात. ही विद्या मात्र अण्णांनी वर्ज्य मानली होती. विकायची असती तर गोष्ट वेगळी, असं ते म्हणत, आणि हे तत्त्व म्हणायचं की हिशेब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे टेप मोठ्याने लावणे. हा एकच उपाय आपण कशावर चाललो आहोत हे प्रामाणिकपणे सांगतो: बाकीचेही सगळे खरे तर कानावरच असतात.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे आमची गाडी जाई, त्यांच्याकडे कानाचं मोल निराळं होतं. ते कधी ‘काय झालंय’ असं विचारत नसत. गाडी चालू ठेवायला सांगून एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाशी. मग डोळे मिटून उभे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून टॅपेटची टकटक इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच येते. बेअरिंगचा ठोका प्रत्येक फेरीला. हा भेद ते लयीवरून ओळखत. शंका आली तर एकेका प्लगची वायर काढून बघत. ज्या सिलेंडरची वायर काढल्यावर ठोका मऊ पडतो, दुखणं त्याच्या खाली. तसं निघालं की स्वस्ताई संपली, इंजिन उतरवायचं. अण्णा त्या मिनिटभरात परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे हात मागे बांधून उभे असत.

‘‘टॅपेट हायती, मास्तर,’’ असं ऐकलं की त्यांचा श्वास सुटे. मग टॅपेट कव्हर निघे, कॉर्कचं पॅकिंग जपून बाजूला ठेवलं जाई आणि फिलर गेजची पातळ पोलादी पानं पंख्यासारखी उलगडत. लॉकनटावर पाना धरायचा, वरचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि मधल्या फटीतून पट्टी ओढून बघायची. लुगड्याच्या निऱ्यांतून बोट सरकावं तशी ती किंचित अडत गेली पाहिजे. ‘‘एकदम गप्प करा,’’ अण्णा एकदा म्हणाले. मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं, ‘‘वाजू दे की हो जरा. वाजणारं टॅपेट कुणाचं काय खात न्हाई. गप्प टॅपेट व्हॉल्व्ह जाळतंय.’’ खरंच आहे ते. फट उरली नाही की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि तापत तापत कडेने जळतो. तरी अण्णांच्या हट्टापायी फट मापाच्या अगदी शेवटच्या काठावर बसवली गेली.

आणि गाडी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही आंबा घाटाने रत्नागिरीला निघालो, तर इतकी वर्षं टॅपेटांच्या आडोशाला राहिलेली बिऱ्हाडं एकेक बाहेर येऊ लागली. समोरच्या कप्प्याचं झाकण कुरकुरत होतं. मागच्या दाराची काच थरथरत होती. आईच्या बांगड्या प्रत्येक वळणाला वाजत होत्या. आणि मलकापूर मागे पडल्यावर कुणीतरी गात असल्याचं ऐकू आलं. नाट्यपदाची एकच ओळ, तीही अर्धी, पुन्हा पुन्हा, समेच्या जरा अलीकडेच उतरणारी. अण्णा गात होते. घरात ज्यांनी आम्हाला पाढ्यांव्यतिरिक्त काही तालात म्हणून दाखवलं नव्हतं, ते अण्णा. ओठांच्या हालचालीवरून सवय जुनी दिसत होती. बहुधा गाडी घेतल्यापासूनचीच.

आईने वळून आमच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी दटावलं, पण धाकटीला तोवर हसू फुटलं होतं. अण्णा थांबले. खाकरले. घाट संपेपर्यंत त्यांनी आम्हाला विशाळगडाचा इतिहास सांगितला, तोही आम्ही न विचारता.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी ते मला घेऊन उद्यमनगरात गेले. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावला, ऐकलं, मग कव्हर काढून पट्टी फिरवून पाहिली. ‘‘बरोबर हाय की सगळं, मास्तर.’’

‘‘असू द्या,’’ अण्णा इंजिनाकडे बघत म्हणाले, ‘‘जरा सैलच करा. उगाच व्हॉल्व्ह जळायला नकोत.’’

मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाना उचलला. आवाज परत आणण्याचे त्यांनी घालवण्याइतकेच पैसे सांगितले, आणि कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करणाऱ्या अण्णांनी ते मोजून लगेच देऊन टाकले.