जन्म : १ जानेवारी

आमच्या इमारतीतला सातवी 'ब'चा एक विद्यार्थी पस्तिशी ओलांडून गेला. जन्मतारीख १ जानेवारी १९९०. मोबाइलवरच्या खेळातल्या त्याच्या स्क्वॉडमधले उरलेले तिघेही त्याच दिवशी जन्मले. त्या पहाटे प्रसूतिगृहात काय धावपळ उडाली असेल! पाचवीतली धाकटी बहीण तर १९८५ची, म्हणजे आईहून दोन वर्षांनी थोरली. तरी घरात तिला कुणी अहोजाहो करत नाही.

पूर्वी महाराष्ट्रातली निम्मी माणसं १ जूनला जन्मत. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराला गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती आला की सहा वर्षं पूर्ण, आणि १ जून लिहून गुरुजी मोकळे. तारीख खोटी असेल, पण गुरुजींनी पोर पाहिलेलं असे. आता त्यांच्या जागी पडद्यावर आकड्यांचं चाक आहे. अंगठ्याने फिरवायचं, थांबेल ते साल आपलं. दिवस आणि महिना बदलायचे कष्ट कोण घेतो?

एवढ्या घाईने मोठं व्हायचं कारण नियम. पबजी या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. एका दमात ११८ अ‍ॅप गेली. पुढच्या वर्षी तोच खेळ देशी नाव लावून परतला आणि येताना रक्त लालचं हिरवं करून आला. (हिरवं सांडलं की हिंसा होत नसावी.) २०२२ मध्ये पुन्हा गायब, २०२३ मध्ये पुन्हा हजर, या खेपेला शिस्त घेऊन. अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास. दहावीचा मराठीचा पेपर ३ तासांचा असतो. तेवढा वेळ रोज, रविवारची सुट्टीसुद्धा न घेता, बंदूक चालवणं याला आपल्याकडे संयम म्हणायचं ठरलं. पोरांना तो पुरेना, म्हणून ती मोठी झाली.

कुणी म्हणेल, पालकांची परवानगी लागते ना. लागते की! २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराखालच्यांसाठी पालकांची 'पडताळता येईल अशी' संमती लिहून ठेवली आहे. घरोघरची पडताळणी अशी : बाबा सोफ्यावर रील बघत पडलेले. फोन टुणकन वाजतो. "बाबा, काय आकडा आलाय?" बाबा मान वर न करता सहा आकडे म्हणून दाखवतात. संमती झाली. बाबांना वाटतं, पिझ्झा आला.

बरं, वय तपासायची कला या देशाला अवगत नाही म्हणावं, तर तसंही नाही. सिमकार्ड घ्यायला तोंड दाखवावं लागतं. रेशनच्या मशीनवर म्हातारीचा झिजलेला अंगठा उमटला नाही, तर तिला तांदळाशिवाय परत पाठवायची आपली तयारी असते. ऐंशी वर्षांच्या पेन्शनरला दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि बारा वर्षांच्या पोराला आपण छत्तीस वर्षांचे आहोत हे एकदाही सिद्ध करावं लागत नाही! आणि खेळ चालवणाऱ्यांना कळत नाही म्हणता? पोरगं कोणत्या क्षणी कंटाळतं, हे त्यांना कळतं. सलग हरल्यावर कोणती चमचमती बंदूक समोर धरली की ते आईच्या खात्यातून पैसे उडवतं, हेही कळतं. फक्त हा छत्तीस वर्षांचा गृहस्थ दुपारी शाळा सुटल्यावरच कसा उगवतो, घटक चाचणीच्या आठवड्यात कुठे गडप होतो, मे महिन्यात याला ऑफिस कसं नसतं, माइकवर याचा आवाज अजून फुटलेला कसा नाही, आणि मागून एक बाई "जेवायला येतोस की फोन फोडू?" असं याला रोज का विचारते, एवढंच तेवढं कळत नाही. कळून घ्यायचं नाही, असं सरळ सांगा ना! मूल म्हणून सापडलेलं गिऱ्हाईक तीन तासांनी उठवावं लागतं. मोठा माणूस सहा तास बसतो. ती बाई मात्र बिचारी भाकरी करपवून दारात उभी, आणि आतून उत्तर येतं, "आई, हे पॉज होत नाही!" खरंच होत नाही. तो खेळ थांबवायचं बटणच कुणी बनवलेलं नाही. विकत घ्यायचं बटण मात्र अंगठ्याखाली बरोबर येतं.

गेमिंगचा विकार आता अधिकृत आजार आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची ११वी आवृत्ती लागू झाली आणि त्यात तो रीतसर दाखल झाला. लागू झाल्याची तारीख १ जानेवारी २०२२. म्हणजे तोही यांच्यातलाच. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, अशी लक्षणं सांगितली आहेत. सातवी 'ब'वाल्यात तिन्ही जमल्यावर आईने चिरंजीवांना डॉक्टरांकडे नेलं. केसपेपर काढणाऱ्या बाईंनी नाव लिहून घेतलं, पत्ता लिहून घेतला आणि वय विचारलं. आई काही बोलायच्या आत चिरंजीव मोबाइलमधून वर न बघताच म्हणाले, "कुठल्या आयडीचं?"